ॲलर्जी इम्युनोथेरपीचे बिलिंग आणि कोडिंग : कुपीपासून क्लेमपर्यंत

अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीकडे केलेल्या पैशांच्या मागणीवर, काम करणाऱ्याला ॲलर्जी इम्युनोथेरपीचे (ॲलर्जी करणारा घटक वाढत्या मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावण्याच्या उपचाराचे) कोड सुरुवातीला सोपे वाटतात, कारण रोजच्या कामात लागणारे कोड हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. तरीही या शाखेतील क्लेम वारंवार नाकारले जातात आणि कधीकधी मिळालेले पैसेही पुढे तपासणीत परत करावे लागतात. माझ्या अनुभवात अशा बहुतेक प्रकरणांचे मूळ एकाच प्रश्नात सापडते : क्लेमवर लिहिलेला ‘एक डोस’ म्हणजे नेमके काय आणि तो कोणत्या कुपीतून आला? ज्या दवाखान्यात या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळते, तेथील बिलिंग टिकते. म्हणून या लेखात मी कोडांच्या यादीपेक्षा युनिटच्या, म्हणजे एका कोडखाली किती सेवांचे बिल लावले त्या संख्येच्या, हिशेबाला जास्त जागा दिली आहे.

दोन स्वतंत्र सेवा

रुग्णाला इंजेक्शन एकच दिसते, परंतु बिलिंगच्या दृष्टीने त्यामागे दोन सेवा असतात. पहिली सेवा म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या विशिष्ट रुग्णासाठी अँटिजेनचे (ॲलर्जी करणाऱ्या घटकांच्या अर्कांचे) मिश्रण तयार करून पुरवणे. अनेक डोसांच्या कुपीसाठी या सेवेचा सीपीटी (वैद्यकीय सेवांच्या क्रमांकांची अमेरिकी यादी) कोड ९५१६५ आहे आणि त्याची युनिटे डोसांच्या संख्येवर ठरतात. दुसरी सेवा म्हणजे ते औषध टोचणे. त्या दिवशी एकच इंजेक्शन दिले असेल तर ९५११५ आणि दोन किंवा अधिक दिली असतील तर ९५११७ हा कोड लागतो. ९५११७ च्या व्याख्येतच ‘दोन किंवा अधिक’ असल्यामुळे तीन किंवा चार इंजेक्शने दिली तरी युनिट एकच राहते. त्याच दिवशी पहिल्या इंजेक्शनासाठी ९५११५ आणि उरलेल्यांसाठी ९५११७ अशी विभागणी करता येत नाही. नव्या कोडरकडून ही चूक हमखास होते, म्हणून बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ९५११७ साठी एका युनिटची मर्यादा आधीच घालून ठेवावी.

टोचण्याच्या या दोन कोडांमध्ये औषधाची किंमत येत नाही आणि ९५१६५ मध्ये टोचण्याचे काम येत नाही. त्यामुळे कुपी कोणी तयार केली आणि इंजेक्शन कोणी दिले, हे क्लेम लिहिण्यापूर्वी ठरवावे लागते. दोन्ही कामे एकाच दवाखान्यात होत असतील तर दोन्ही कोड त्याच दवाखान्याचे. ॲलर्जीतज्ज्ञांनी कुपी तयार करून दिली आणि रुग्ण आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेत असेल, तर तज्ज्ञांनी ९५१६५ लावावा आणि नेहमीच्या डॉक्टरांनी फक्त ९५११५ किंवा ९५११७. अँटिजेन एक-एक डोसाच्या कुप्यांत भरून दुसऱ्या दवाखान्यात टोचण्यासाठी दिले असेल, तर तयार करणाऱ्याचा कोड ९५१४४ होतो. आपणच तयार करून आपल्याच दवाखान्यात टोचले असता ९५१४४ लावणे मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेला) मान्य नाही. रुग्ण घरीच इंजेक्शन घेत असेल तर टोचण्याचा कोणताही कोड लागत नाही.

९५१२० ते ९५१३४ या मालिकेत तयारी आणि टोचणे एकत्र धरलेले आहे. मेडिकेअर १ जानेवारी १९९५ पासून हे एकत्रित कोड मान्य करत नाही. काही खासगी विमा कंपन्यांच्या करारात ते आजही आढळतात. तशा करारात एकत्रित कोड लावल्यावर ९५१६५ किंवा ९५११७ स्वतंत्रपणे लावणे म्हणजे एकाच सेवेचे दोनदा बिल करणे होय.

उपचार सुरू होण्यापूर्वीची कागदपत्रे

पहिल्या इंजेक्शनचा क्लेम खरे तर त्वचाचाचणीच्या दिवशीच तयार होऊ लागतो. टोचून केलेल्या चाचणीसाठी ९५००४ आणि त्वचेच्या आत इंजेक्शन देऊन केलेल्या चाचणीसाठी ९५०२४ हा कोड असून दोन्हींची युनिटे चाचण्यांच्या संख्येइतकी असतात. कीटकविषाच्या चाचणीसाठी ९५०१७ आणि औषधांच्या चाचणीसाठी ९५०१८ हे वेगळे कोड आहेत. या कोडांमध्ये निकालाचा अर्थ लावणे आणि अहवाल लिहिणे समाविष्ट असल्याने त्यासाठी वेगळी आकारणी करता येत नाही. चाचणीच्या तक्त्यावर प्रत्येक ॲलर्जेनचे (ॲलर्जी करणाऱ्या घटकाचे) नाव, उठलेल्या गाठीचे माप आणि डॉक्टरांची सही असलीच पाहिजे. नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला तक्ता तपासणीत फारसा उपयोगी पडत नाही.

त्यानंतर निदानाचा कोड येतो. परागकणांमुळे होणाऱ्या ॲलर्जिक ऱ्हायनायटिससाठी (ॲलर्जीमुळे नाकाला येणारी सूज व सर्दी) जे३०.१, मांजर किंवा कुत्रा यांसारख्या प्राण्यांच्या केसांमुळे व कोंड्यामुळे होणाऱ्यासाठी जे३०.८१ आणि धुळीतील माइट (सूक्ष्म किडे) किंवा बुरशी अशा इतर कारणांसाठी जे३०.८९ हा कोड वापरला जातो. जे३०.९ म्हणजे कारण न सांगितलेला ऱ्हायनायटिस. चाचणीत कारण स्पष्ट सापडले असताना हा कोड लावणे म्हणजे हातातला पुरावा स्वतःच बाजूला ठेवणे होय आणि अनेक विमा कंपन्या इम्युनोथेरपीसाठी तो स्वीकारतही नाहीत. दमा असल्यास जे४५ मालिकेतील तीव्रता दाखवणारा पूर्ण कोड लिहावा. झेड५१.६ हा कोड ॲलर्जेनविरोधी डिसेन्सिटायझेशनसाठी (संवेदनशीलता कमी करण्याच्या उपचारासाठी) झालेल्या भेटीचा आहे. तो लावला तरी मूळ आजाराचा कोड क्लेमवर असणे आवश्यक आहे. आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे निदानांच्या यादीचे, नवे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे १ जानेवारीला लागू होतात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या उपचारात जुनाच कोड पुढे-पुढे ओढला जातो, म्हणून या दोन तारखांना चालू रुग्णांची यादी तपासून घ्यावी.

डॉक्टरांच्या नोंदीत लक्षणांचा इतिहास, ॲलर्जेन टाळण्याचा आणि औषधांचा केलेला प्रयत्न, त्याचा परिणाम आणि त्यानंतर इम्युनोथेरपी निवडण्याचे कारण हा क्रम वाचणाऱ्याला सहज सापडला पाहिजे. कुपीतील प्रत्येक घटक चाचणीच्या तक्त्यातील पॉझिटिव्ह निकालाशी जुळला पाहिजे. चाचणीत निगेटिव्ह आलेले ॲलर्जेन कुपीत दिसले, तर संपूर्ण कुपीच्या वैद्यकीय गरजेवर प्रश्नचिन्ह उभे राहते. मेडिकेअरची आणखी एक स्पष्ट अट आहे : अँटिजेन तयार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः रुग्णाला तपासून उपचाराची योजना व डोसांचे वेळापत्रक ठरवलेले असले पाहिजे, आणि एका वेळी १२ महिन्यांपेक्षा अधिक पुरवठ्याचे पैसे मिळत नाहीत. बाहेरच्या संस्थेकडून तयार कुप्या मागवून आपल्या नावाने ९५१६५ लावण्याचे प्रस्ताव दवाखान्यांकडे येतात. देखरेखीचे काम आपल्या डॉक्टरांनी केलेलेच नसेल, तर हा कोड त्यांचा होत नाही. अशा प्रस्तावावर सही करण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

विमापात्रता तपासताना इम्युनोथेरपी योजनेत समाविष्ट आहे का, पूर्वमंजुरी लागते का, वर्षाला किती युनिटांची मर्यादा आहे, आणि इंजेक्शनच्या प्रत्येक भेटीला कोपे (रुग्णाने स्वतः भरायची ठरावीक रक्कम) लागतो का, हे चार प्रश्न विचारून उत्तराची तारीख व संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. पूर्वमंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळण्याची हमी मिळाली असे होत नाही. रुग्णाशी पैशांबद्दल आधीच बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. कुपी तयार झाल्यावर अनेक डोसांचे बिल एकदम निघते आणि डिडक्टिबल (विम्याचे पैसे मिळू लागण्यापूर्वी रुग्णाने स्वतः भरायची वार्षिक रक्कम) पूर्ण झालेले नसेल तर मोठी रक्कम अचानक रुग्णाच्या वाट्याला येते. आठवड्याला एक इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला ही रक्कम कशाची हे कळत नाही, आणि केवळ त्या धक्क्याने चांगला चाललेला उपचार सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

डोसाचा हिशेब

सीपीटीच्या व्याख्येनुसार डोस म्हणजे अनेक डोसांच्या कुपीतून एका इंजेक्शनात दिले जाणारे अँटिजेनचे प्रमाण. मेडिकेअरने मात्र बिलासाठी स्वतंत्र मोजमाप ठरवले आहे : कुपीतील १ सीसी म्हणजे एक डोस. प्रत्यक्षात डॉक्टर प्रत्येक वेळी अर्धा सीसी टोचोत की त्याहून कमी, मेडिकेअरच्या क्लेमवर १० सीसीच्या कुपीची जास्तीत जास्त १० युनिटेच लागतात. १० सीसीच्या कुपीत ६ सीसीच मिश्रण भरले असेल तर ६ युनिटे, आणि ५ सीसीची कुपी पूर्ण भरली असेल तर ५ युनिटे.

एक उदाहरण घेऊ. एका रुग्णाला गवत व झाडांच्या परागकणांची आणि शिवाय बुरशीची ॲलर्जी आहे. बुरशीच्या अर्कातील प्रथिने तोडणारी विकरे परागकणांच्या अर्काची ताकद कमी करू शकतात, म्हणून डॉक्टर हे घटक दोन वेगळ्या कुप्यांत ठेवतात. प्रत्येक कुपी १० सीसीची आहे आणि प्रत्येक भेटीत दोन्ही कुप्यांमधून अर्धा-अर्धा सीसी दिला जाणार आहे. सीपीटीच्या व्याख्येनुसार एका कुपीत २० डोस, म्हणून दोन कुप्यांचे ४० डोस होतात. मेडिकेअरच्या हिशेबाने मात्र १० आणि १० अशी २० युनिटे होतात. कुप्या त्याच, औषध तेच आणि रुग्णाच्या दंडावरची इंजेक्शनेही तीच, तरी क्लेमवरचा आकडा निम्मा. प्रत्येक भेटीत दोन इंजेक्शने दिली गेल्यामुळे टोचण्याचा कोड दोन्हीकडे ९५११७, युनिट एक. कुपीत घटक पाच आहेत की दहा, याचा ९५१६५ च्या युनिटांशी काही संबंध नाही. कोडच्या वर्णनातच एक किंवा अनेक अँटिजेन असे म्हटले आहे.

मी या कामात नवीन असताना सर्व विमा कंपन्यांसाठी एकच तक्ता वापरणाऱ्या एका दवाखान्याचे क्लेम माझ्याकडे आले होते. मेडिकेअरच्या रुग्णांनाही अर्ध्या सीसीच्या हिशेबाने प्रति कुपी २० युनिटे लावली जात होती आणि त्यांतील काही क्लेमचे पैसेही आले होते. पैसे आले म्हणजे हिशेब बरोबर आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. पुढे ते फेडण्यासाठी जुन्या कुप्यांची नोंदवही पानापानाने तपासावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या दवाखान्याचे काम घेताना सर्वप्रथम एक कागद तयार करते : कोणती विमा कंपनी डोस कसा मोजते, वर्षाला किती युनिटे देते आणि कोणत्या तारखेचे बिल मागते. खासगी कंपन्यांपैकी काही सीपीटीची व्याख्या पाळतात, तर काही मेडिकेअरची. त्यामुळे हा कागद करारावरून आणि कंपनीच्या लेखी धोरणावरून भरावा, फोनवरच्या उत्तरावरून नव्हे.

आता पातळ केलेल्या कुप्यांचा प्रश्न. उपचाराच्या वाढत्या टप्प्यात, ज्याला बिल्ड-अप म्हणतात, मेंटेनन्सच्या (पुढे कायम ठेवायच्या मात्रेच्या) मूळ मिश्रणापासून दहापट, शंभरपट, हजारपट पातळ कुप्या तयार केल्या जातात. दवाखान्यांत त्या झाकणाच्या रंगावरून ओळखल्या जातात : मूळ मिश्रणाची लाल, दहापट पातळ पिवळी, शंभरपट निळी आणि हजारपट हिरवी. मेडिकेअर मूळ मिश्रणाच्या कुपीचे पैसे देते, मात्र त्याच मिश्रणातून काढून पातळ केलेल्या कुप्यांची वेगळी युनिटे देत नाही. पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या कुपीसाठी प्रत्येकी १० युनिटे लावणे ही मेडिकेअरच्या क्लेमवरील गंभीर चूक आहे. काही खासगी कंपन्या या कुप्यांतील डोसही मान्य करतात. ही बाबही त्याच कागदावर लिहिलेली असावी.

बिलाची तारीख कोणती, हाही वादाचा मुद्दा असतो. ९५१६५ ही तयारीची सेवा असल्याने सर्वसाधारणपणे कुपी तयार झाल्याची तारीख लावली जाते आणि त्या दिवशी रुग्ण दवाखान्यात आलेला असणे गरजेचे नसते. काही कंपन्या मात्र प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी त्या दिवशीच्या डोसांचे बिल मागतात. एकाच रुग्णासाठी दोन्ही पद्धती मिसळल्या तर तीच कुपी दोनदा बिलात येते.

या सर्वाचा आधार म्हणजे कुप्यांची नोंदवही. तीत रुग्णाची ओळख, कुपीचा क्रमांक, प्रत्येक घटकाचे नाव, ताकद, लॉट क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि घेतलेले प्रमाण, एकूण सीसी, तयार करणाऱ्याची सही, देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि बिल केलेली युनिटे एवढे रकाने असावेत. अमेरिकी औषधसंहितेच्या ७९७ क्रमांकाच्या प्रकरणानुसार तयार मिश्रण जास्तीत जास्त १ वर्ष वापरता येते आणि त्यातील एखाद्या अर्काची मुदत त्याआधी संपत असेल तर ती तारीख लागू होते. म्हणून एका अर्काची मुदत चार महिन्यांत संपणार असताना वर्षभराची कुपी बिल केली, तर वापरता न येणाऱ्या डोसांचे पैसे मागितल्यासारखे होते.

कीटकविष आणि जलद पद्धत

मधमाशी, गांधीलमाशी यांसारख्या कीटकांच्या विषासाठी ९५१६५ चालत नाही. तेथे विषांच्या संख्येनुसार कोड बदलतो : एका विषासाठी ९५१४५, दोनसाठी ९५१४६, तीनसाठी ९५१४७, चारसाठी ९५१४८ आणि पाचसाठी ९५१४९. प्रत्येकात युनिटे डोसांच्या संख्येइतकी. व्हेस्पिड (गांधीलमाश्यांच्या) कुलातील तीन विषांचे तयार मिश्रण मिळते. ते एका कुपीत असले तरी त्यात विषे तीन असल्यामुळे त्याचा कोड ९५१४७ होतो. दोन विषे घेणाऱ्या रुग्णाची एका विषाची मात्रा प्रतिक्रियेमुळे मागे पडली, तर मागे पडलेल्या विषाचे जादा डोस ९५१४५ ने भरून काढता येतात. नोंदीत त्याचे कारण मात्र असावे. निदानासाठी ‘मधमाशीची ॲलर्जी असल्याची स्थिती’ दर्शवणारा झेड९१.०३० किंवा इतर कीटकांसाठीचा झेड९१.०३८ हा कोड उपयोगी पडतो.

जलद डिसेन्सिटायझेशनसाठी ९५१८० हा तासांवर मोजला जाणारा कोड आहे. सुरुवातीची व शेवटची वेळ, प्रत्येक मात्रेची वेळ आणि रुग्णाचे निरीक्षण नोंदलेले नसेल तर त्याचे एकही तास सिद्ध करता येत नाहीत.

जिभेखाली देण्याच्या थेंबांसाठी ९५१६५ लावू नये. हा कोड त्या सेवेचा नाही आणि मेडिकेअर जिभेखाली द्यावयाच्या अँटिजेनचे पैसे १७ नोव्हेंबर १९९६ पासून देत नाही. मान्यताप्राप्त गोळ्या औषधविक्रेत्याकडून, औषधांच्या विमालाभातून मिळतात.

त्याच दिवशीची भेट आणि मॉडिफायर २५

रुग्ण फक्त इंजेक्शनसाठी आला, परिचारिकेने मागील प्रतिक्रियेबद्दल विचारले, इंजेक्शन दिले आणि ३० मिनिटे निरीक्षण केले, तर हे सर्व टोचण्याच्या कोडमध्ये येते. त्यासोबत ९९२११ हा छोट्या भेटीचा कोड लावता येत नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी खरोखर स्वतंत्र तपासणी केली असेल, उदाहरणार्थ दमा बिघडला म्हणून औषधे बदलली असतील, किंवा इंजेक्शननंतर अंगभर प्रतिक्रिया येऊन उपचार करावे लागले असतील, तर भेटीचा योग्य कोड मॉडिफायर २५ सह, म्हणजे ती तपासणी स्वतंत्र होती हे सांगणारी खूण जोडून, लावावा. माझी कसोटी साधी आहे : इंजेक्शनचा भाग झाकून ठेवला तरी उरलेली नोंद स्वतंत्र भेट म्हणून उभी राहते का? राहत नसेल तर मॉडिफायर लावू नये. प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी भेटीचा कोड जोडणारा दवाखाना आकडेवारीत लगेच वेगळा दिसतो.

क्लेम भरताना

क्लेमच्या सीएमएस-१५०० या फॉर्मच्या २१ व्या रकान्यात १२ पर्यंत निदाने लिहिता येतात आणि प्रत्येक ओळीला त्यांतील चारच जोडता येतात. कुपीच्या ओळीला त्या कुपीतील घटकांशी संबंधित निदानेच जोडावीत. दवाखान्यातील सेवेसाठी ठिकाणाचा कोड ११. युनिटे २४-जी या रकान्यात लिहिताना नोंदवहीतील आकडा समोर ठेवावा, आठवणीवर विसंबू नये. मेडिकेअर पैसे देणार नाही अशी शक्यता असेल तर सेवेपूर्वीच रुग्णाकडून सीएमएस-आर-१३१ ही आगाऊ सूचना सही करून घ्यावी आणि क्लेमवर जीए मॉडिफायर (ती सूचना घेतल्याची खूण) लावावा. सही नंतर घेतली तर तिचा उपयोग नाही. मेडिकेअरचा क्लेम सेवेच्या तारखेपासून एका कॅलेंडर वर्षात पोहोचला पाहिजे. खासगी कंपन्यांच्या मुदती बऱ्याचदा याहून कमी असतात.

नकार आणि परतफेड

नाकारलेला क्लेम तसाच पुन्हा पाठवणे सर्वांत निरुपयोगी, कारण तो १८ क्रमांकाच्या कारणाने, म्हणजे तोच क्लेम दुसऱ्यांदा आला म्हणून, परत येतो. आधी कारणाचा क्रमांक वाचावा. ५० असेल तर वैद्यकीय गरज पटलेली नाही. अशा वेळी चाचणीचा तक्ता, उपचारयोजना आणि आधी करून पाहिलेल्या औषधांची नोंद जोडून अपील करावे. ९७ असेल तर ती सेवा दुसऱ्या सेवेत समाविष्ट धरली आहे. बहुधा भेटीच्या कोडवर मॉडिफायर २५ राहिलेला असतो, किंवा तो लावण्याजोगी नोंदच नसते. दुसऱ्या प्रकारात अपील न करता रक्कम सोडून द्यावी. १५१ म्हणजे दिलेल्या माहितीवरून इतक्या सेवा पटत नाहीत. ९५१६५ वर हे कारण आले की डोसाची व्याख्या आणि वार्षिक मर्यादा पुन्हा पडताळावी. मेडिकेअरमध्ये पहिल्या पातळीचे अपील निर्णय मिळाल्यापासून १२० दिवसांत करता येते.

चूक आपली असेल आणि पैसे जादा आलेले असतील, तर मेडिकेअरला ते लक्षात आल्यापासून ६० दिवसांत कळवून परत करावे लागतात आणि ही जबाबदारी मागील ६ वर्षांपर्यंत पोहोचते. म्हणून दर महिन्याच्या अखेरीस मी तीन याद्या शेजारी-शेजारी ठेवते : त्या महिन्यात तयार झालेल्या कुप्या, त्यांवर बिल केलेली युनिटे आणि प्रत्यक्ष दिलेली इंजेक्शने. कुपी आहे पण बिल नाही, बिल आहे पण कुपी नाही, किंवा कुपी बिल झाली आणि रुग्ण तीन महिने आलाच नाही, या तिन्ही प्रकारच्या ओळी वेगळ्या काढून त्याच आठवड्यात डॉक्टरांसमोर ठेवते. तिसऱ्या प्रकारातील रुग्णाला आधी फोन केला जातो. बहुतेक वेळा न समजलेल्या बिलामुळे त्याने येणे थांबवलेले असते आणि रक्कम हप्त्यांनी भरण्याची सोय करून दिली की तो त्याच कुपीवर परत येऊ शकतो. मात्र मधल्या खंडामुळे मात्रा किती कमी करून सुरुवात करायची, हे डॉक्टरांनी ठरवून नोंदीत लिहिल्याशिवाय पुढचे इंजेक्शन दिले जात नाही.